किनाऱ्यावरचे तंबू आणि गिऱ्हाइकाचे लेकरू

कोकणच्या किनाऱ्यावर आता एक नवा धंदा चांगलाच रुजला आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत किंवा सुरूच्या बनात पाच-दहा तंबू ठोकायचे, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबे उतरवायची, रात्री जेवण, सकाळी न्याहारी आणि दुपारी रवानगी. लोक याला कॅम्पिंग म्हणतात. सुरुवातीला यात कॉलेजची पोरे आणि नोकरदार तरुण यांचीच गर्दी असे. आता आई-बाप आपली दोन-चार वर्षांची लेकरे काखेत घेऊन येऊ लागले आहेत. मांडव्याला मोटार घेऊन जाणारी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे मुंबईकरांना अलिबागकडचा रस्ता सोपा झाला. नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली, गुहागर या पट्ट्यात आपल्या समाजाची जुनी वस्ती आहे, घरे आहेत, वाड्या आहेत. म्हणून या धंद्याचा विचार आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी गंभीरपणे केला पाहिजे, असे आम्हास वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या तळावर तीन वर्षांचे मूल सुखरूप राहू शकते, तोच तळ धंदा म्हणून टिकेल. तरुणांची टोळी एकदा येते, गोंधळ घालते, निघून जाते आणि पुढच्या वेळी दुसरी जागा शोधते. लेकुरवाळे कुटुंब मात्र विश्वास बसला की दरवर्षी येते आणि आपल्याबरोबर बहिणीचे, दिराचे, शेजाऱ्याचे कुटुंब घेऊन येते. हे गिऱ्हाईक चिकित्सक असते, प्रश्न फार विचारते, पण बांधून राहते. दुकानदाराला अशा गिऱ्हाइकाचे मोल सांगावे लागत नाही. फरक एवढाच की कापडाच्या दुकानात चूक झाली तर थान परत घेता येते. इथे गिऱ्हाइकाने आपल्या हवाली केलेली वस्तू म्हणजे त्याचे लेकरू असते. ती अमानत आहे.

१ फेब्रुवारी २०१६ चा दिवस किनाऱ्यावरच्या लोकांनी विसरू नये. त्या दिवशी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजात जाणारी तरुण मुले-मुली होती. हातीपायी धड असलेल्या तरुणांना जो समुद्र ओढून नेतो, त्याच्यापुढे चिमुरड्याची काय कथा? अशी एक घटना घडली की घरे उजाड होतातच, शिवाय साऱ्या गावाच्या नावाला बट्टा लागतो. नीट धंदा करणाऱ्यालाही मग गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा सुरक्षितता ही मालकाच्या मर्जीची बाब नसून ती या धंद्याचे भांडवल आहे.

समुद्राचे घड्याळ

समुद्राला चोवीस तासांत साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. म्हणून आज दुपारी बाराला भरती असेल तर उद्या ती पाऊण-एक तास उशिरा येते. आणि दुपारी भरती असेल तर मध्यरात्रीनंतरही ती असणारच, ही गोष्ट शहरातला माणूस विसरतो. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी मोकळी, छान, सपाट वाळू दिसते आणि तो म्हणतो, तंबू इथेच ठोका. कोकणचे किनारे बरेचसे सपाट आहेत. पन्नास पावलांत एका पावलाचा उतार असेल, तर पाणी एक हात उंच चढताच पन्नास हात आत येते. झोपलेल्या मुलांच्या अंथरुणाखाली पाणी शिरायला मग वेळ लागत नाही.

आपल्या कोळी, दालदी आणि खलाशी मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. आपल्या घरात चांदाची तारीख माहीत असतेच. ती तिथीच्या साधारण एकाने मागे असते, एवढे ध्यानात ठेवले की झाले. चांदाची १४-१५ तारीख आणि महिन्याची अखेर, म्हणजे पुनव आणि अवस, हे उधाणाचे दिवस. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूर ओसरते. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून किंवा बंदरावरून घ्यावी आणि तळाच्या दारात फळ्यावर खडूने रोज लिहावी. एवढ्या एका फळ्याने गिऱ्हाइकाच्या मनात जी खात्री निर्माण होते, ती रंगीत दिव्यांच्या माळांनी होत नाही.

तंबूची जागा ठरवताना किनाऱ्यावर सुक्या शेवाळाची, शिंपल्यांची आणि काटक्यांची जी रेघ दिसते ती पाहावी. पाणी कुठवर आले होते त्याची ती खूण असते. एखादे उधाण त्याच्याही पुढे जाते, म्हणून त्या रेघेच्या बरेच वर, शक्यतो वाळू सोडून वाडीत राहावे. खाडीच्या मुखाजवळ तळ नकोच. ओहोटीला खाडीचे पाणी समुद्राकडे धावते आणि गुडघाभर पाण्यातही मूल उभे राहू शकत नाही. नारळाच्या झाडाखाली तंबू ठोकणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. सावली पाहून माणूस भुलतो, पण वरून सुकी झावळी किंवा नारळ पडला तर कापडाचे छत काय अडवणार? जिथे वाडीत तळ करायचा तिथे आधी पाडेली चढवून नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्याव्यात आणि तंबू मोकळ्या पट्ट्यात घ्यावा.

लेकुरवाळ्यांची व्यवस्था

लहान मूल बुडते तेव्हा ते ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते गप्प पाण्याखाली जाते आणि दोन-तीन मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाजवळ मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. पाणी घोट्यापर्यंत असले तरी हवे. कुटुंबात आठ मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहतो आहे, आणि पाहत कोणीच नसते. यावर उपाय एकच. एका वेळी एका माणसाचे नाव घेऊन पाळी लावावी, आणि त्या पाळीत त्याने मोबाईल खिशात ठेवावा.

हवा भरलेल्या रबरी चकत्यांवर भरवसा ठेवू नये. जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटला की चकती आणि मूल दोन्ही आत जातात. मुलांना निळे किंवा हिरवे कपडे घालून पाण्यात नेऊ नये, ते पाण्यात दिसत नाहीत. भगवा, लाल, पिवळा रंग लांबून दिसतो. वाळूत खोल खड्डा खणून त्यात मुलांना बसवण्याचा खेळ पुष्कळ बाप कौतुकाने करतात. वाळूची भिंत ढासळली तर मूल गाडले जाते, म्हणून मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा नको. किनाऱ्यावर घोडागाड्या आणि चारचाकी फटफटी पळवल्या जातात, त्या वाटेपासून मुलांची खेळायची जागा दूर असावी. जेलीफिश वाळूवर पडलेला असला तरी हाताळू देऊ नये.

तळमालकाने स्वतः काय करावे? एक चांगला पोहणारा माणूस पगारावर ठेवावा. गावात असे तरुण आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे. त्याच्यापाशी शिटी, दोर आणि तरंगणारे कडे असावे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे धरणे, पोट दाबणे हे जुने प्रकार घातक आहेत. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हाच उपाय, आणि तो डॉक्टरांकडून रीतसर शिकून घ्यावा लागतो. रात्री एक गाडी चावीसह तयार असावी. जवळचा दवाखाना किती मैलांवर आणि रात्री कोण असते, हे मालकाला ठाऊक असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण आडगावात तिला पोचायला वेळ लागू शकतो.

तंबूच्या आत शेगडी, स्टोव्ह, मेणबत्ती, कासवछाप अगरबत्ती यांपैकी काहीही नको. कापड पेटते, आणि बंद तंबूत निखाऱ्याचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी आत घेणारी माणसे असतात, त्यांना स्पष्ट शब्दांत मना करावे. मच्छरदाणी आणि बॅटरीचा दिवा एवढे पुरेसे आहे.

पाण्याचा प्रश्न त्याहून रोजचा. किनाऱ्यालगतच्या विहिरी कधी मचूळ होतात, आणि विहिरीपासून जवळ शौचखड्डा असेल तर मुलांना जुलाब ठरलेले. प्यायचे पाणी उकळून, झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवावे. मुलाला जुलाब लागलेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे आणि डॉक्टर गाठावा. चमचा चहाचा. सकाळी अकरा ते चार या वेळेत मुलांना उन्हात सोडू नये. जेवणात मोठ्यांना तांदळाची भाकरी आणि माशांचे कालवण द्या, पण बिनतिखटाची पेज, मऊ भात, दूध, केळी यांची सोय मुलांसाठी वेगळी ठेवा. आपल्या घरातल्या बायका हे काम डोळे मिटून करतील. शहरातले मोठे रिसॉर्ट हे देऊ शकत नाही.

बायकांसाठी आडोशाचे, कडी लागणारे, दिवा असलेले स्नानगृह आणि शौचालय तंबूपासून चार पावलांवर असले पाहिजे. रात्री दोन वाजता मुलाला घेऊन अंधारात जावे लागले तर ती आई पुन्हा कधी येत नाही, आणि कुटुंबाची सहल कुठे जायची हे आईच ठरवते. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे केवळ पडद्याची सोय नाही, जेवणाची खात्री नाही म्हणून सहलीला निघत नाहीत. हे गिऱ्हाईक आपल्याच दारात उभे आहे.

कारागिरांचे काम

आता कारागीर बंधूंशी दोन शब्द. धारावी आणि मदनपुऱ्यात बॅगा शिवणारे हात आहेत. जाड कापड, झिप, पट्टे, कड्या हे त्यांचे रोजचे काम. गावोगावी मंडप-शामियान्याचा धंदा करणारी आपली मंडळी आहेत. भिवंडी-मालेगावला माग आहेत. असे असताना किनाऱ्यावरचे किती तंबू आपल्या हातचे आहेत? तयार, हलके, स्वस्त तंबू आणून ठोकले जातात आणि एका हंगामात त्यांचे धोतर होते. किनाऱ्याला लागणारा तंबू वेगळा असतो आणि तो शिवणे आपल्याला अवघड नाही.

समुद्राच्या हवेत मीठ असते. लोखंडी कड्या आणि साखळ्या गंजतात, धातूची झिप अडकते. त्यामुळे पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या कड्या आणि जाड प्लॅस्टिकची झिप वापरावी. कापड पाणी अडवणारे असले तरी शिवण गळते, कारण सुईचे प्रत्येक भोक म्हणजे एक वाट. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली तर तंबू कोरडा राहतो. एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आतून दव धरते आणि मुलांची अंथरुणे ओली होतात. दोन थर, मध्ये हवेला जागा आणि समोरासमोर जाळीच्या दोन खिडक्या असतील तर हे टळते. नेहमीची बारीक खुंटी वाळूत धरत नाही. खुंटीऐवजी शिवलेल्या पिशव्या द्याव्यात, त्यात वाळू भरून त्या हातभर खोल पुरल्या की वाऱ्यात तंबू हलत नाही. ताणाच्या दोरांना पांढऱ्या पट्ट्या शिवाव्यात, म्हणजे संध्याकाळी पळणारी मुले अडखळून पडणार नाहीत. दाराची झिप मोठ्यांच्या उंचीवर बंद होईल अशी ठेवावी. रात्री जागे झालेले मूल एकटे बाहेर पडू शकणार नाही, पण मोठ्यांना आतून-बाहेरून चटकन उघडता येईल. अशा एका बारकाव्याची किंमत कुठल्याही आईला समजते. एखाद्या कारागिराने हा 'लेकुरवाळा तंबू' शिवून चार तळमालकांना दाखवावा, मागणी आपोआप येईल.

हिशेब आणि कायदा

पैशाबाबत भ्रमात राहू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कुटुंबांचे खरे महिने. त्यात साधारण १७ आठवडे, आठवड्याला दोन रात्री धरल्या तर ३४ रात्री. पाच तंबूंच्या १७० रात्री झाल्या. त्यातल्या निम्म्या भरल्या तर ८५. समजा सर्व खर्च, पगार, झीज जाऊन एका तंबूमागे रात्रीचे ५०० रुपये सुटले, तर हंगामाचे ४२,५०० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, ज्याचे त्याने आपले मांडावेत. पण यावरून एक गोष्ट कळते. वाडी, घर आणि मनुष्यबळ आपले असेल तर हा चांगला जोडधंदा आहे. जागा भाड्याने आणि पैसे कर्जाने घेऊन बंगले बांधायला निघालात तर बुडाल. मार्च ते मे उकाडा असतो, तेव्हा तंबूपेक्षा घराची ओटी बरी. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तंबू धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवावेत.

घरच्या पाहुणचारावर धंदा उभा राहतो याचे उदाहरण बाणकोटजवळचे वेळास गाव आहे. कासवांची पिले समुद्रात जाताना पाहायला तिथे माणसे येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवण जेवतात. निवास-न्याहारी योजनाही आहे, तिची चौकशी करावी.

कायद्याकडे डोळेझाक करू नये. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर केंद्र सरकारची १९९१ पासून बंधने आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेजवळ पक्का ओटा, काँक्रीटचे शौचालय, भिंत घालण्याआधी तहसील कार्यालयात विचारावे. ग्रामपंचायतीचा लेखी दाखला, अन्न देत असाल तर त्याची नोंदणी, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही, हे सारे पहिल्या दिवसापासून असावे. नंतर पाहू, हे आपल्या लोकांचे आवडते वाक्य आहे आणि ते नेहमी महाग पडते.

दर फळ्यावर लिहावेत. मुलांचा दर किती, जेवणात काय, पाऊस-वारा झाला तर आगाऊ रक्कम परत मिळेल की नाही, हे आधी सांगावे. समुद्र खराब असेल त्या दिवशी स्वतः फोन करून 'आज येऊ नका' असे सांगणारा मालक एका दिवसाचे उत्पन्न गमावतो आणि दहा वर्षांचे गिऱ्हाईक कमावतो.

शेवटी जे बंधू गिऱ्हाईक म्हणून जाणार त्यांनाही सांगणे आहे. दुकान वर्षभर उघडे ठेवणारा आपला व्यापारी रात्री घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. दोन रात्री शटर ओढून बायको-मुलांना समुद्राकाठी नेणे ही चैन नव्हे. पण पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. तंबू भरतीरेषेपासून किती दूर आहे? पोहणारा माणूस कोण? रात्री गाडी आहे का? शौचालय किती पावलांवर आणि पाणी कुठले? जो मालक या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडे आपली मुले नेऊ नका. आणि जो तळ चालवतो त्याने ही उत्तरे गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच दारावर लिहून ठेवावीत.